हिशेबाला पक्का माणूस : चिंतामणराव देशमुख

स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक पुस्तकात एक ओळ हमखास असते. भारतीय रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, सी. डी. देशमुख. आम्ही मुले-मुली ही ओळ पाठ करतो, कारण तिला एक गुण असतो. गेल्या वर्षी अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी विचारले की, या गृहस्थाविषयी आणखी काही कोणी सांगू शकेल काय? वर्गात सामसूम झाली. पहिल्या बाकावर बसणारी मी, मीही मान खाली घातली. त्या दिवशी ग्रंथालयात गेले आणि चिंतामणरावांविषयी जे जे मिळेल ते वाचू लागले.

मी अर्थशास्त्र का घेतले, ते आधी सांगितले पाहिजे. माझे आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. आमच्या सिरसाळा भागात हे नवल नाही. पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीच्या सुमारास संसार ट्रॅक्टरमध्ये भरायचा आणि कारखान्याचा पट्टा पडला की परत यायचे. मी आजीजवळ राहून शिकले. किती टन ऊस तोडला, किती उचल फिटली, किती अंगावर राहिली, हे सारे मुकादमाच्या वहीत असते. आमच्या घरात ती वही वाचू शकणारी पहिली व्यक्ती मी. आठवीत असताना मी ती हातात घेतली आणि बेरीज तीनदा करून पाहिली. तिन्ही वेळा ती वहीतल्या आकड्याशी जुळेना. मी वडिलांना सांगितले. त्यांनी मला गप्प बसायला सांगितले, कारण पुढच्या वर्षीची उचल त्याच माणसाकडून घ्यायची होती.

तेव्हापासून हिशेब कोण लिहितो, आणि ज्याचा हिशेब आहे त्याला तो वाचता येतो काय, हे प्रश्न माझ्या मनात घर करून आहेत. चिंतामणरावांचे चरित्र वाचताना तेच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले. म्हणून हा लेखनप्रपंच.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या वाटेवरील नाते या गावी झाला. वडील वकील होते आणि बालपण रोह्याला गेले. घरची परिस्थिती चांगली होती, हे मान्य केले पाहिजे. थोर माणसांच्या चरित्रात त्यांना उगाच दिव्याखाली अभ्यास करायला लावण्याची आपल्याकडे पद्धत आहे, तिची येथे गरज नाही. मात्र बुद्धी असामान्य होती. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकून १९१५ मध्ये ते इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात गेले.

तेथे त्यांनी कोणता विषय घेतला असेल? देशाच्या तिजोरीच्या किल्ल्या पुढे ज्यांच्या हाती आल्या, त्यांनी अर्थशास्त्राची पदवी घेतलेली नव्हती. त्यांचे विषय होते वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. वनस्पतिशास्त्रात त्यांनी पारितोषिकही मिळवले. झाडाझुडपांचे आणि संस्कृतचे हे दोन्ही छंद त्यांनी आयुष्यभर जपले. बी. ए. ला अमुकच विषय घ्यावा की तमुक, या काळजीने झोप उडालेल्या माझ्या मैत्रिणींनी याची जरूर नोंद घ्यावी.

१९१८ साली लंडनमध्ये झालेल्या आय. सी. एस. परीक्षेत चिंतामणराव पहिले आले. तेव्हा आय. सी. एस. होणे म्हणजे राजवैभवच. पण या तरुणाच्या मनात खळबळ माजली होती. ज्या सरकारविरुद्ध देश उभा राहत होता, त्याच सरकारची नोकरी करावी काय? त्या सुमारास लोकमान्य टिळक लंडनमध्ये होते. चिंतामणराव त्यांना भेटले आणि नोकरी सोडून देशकार्यात पडण्याचा विचार त्यांनी बोलून दाखविला. टिळक त्यांना शाबासकी देतील असे आपल्याला वाटते. टिळकांनी उलटाच सल्ला दिला. स्वराज्य येणार आहे आणि ते आल्यावर कारभार चालविण्याचा अनुभव असलेली माणसे लागतील, तेव्हा आधी नोकरीत राहून काम शिकावे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. चिंतामणरावांनी तो मानला. मला ही भेट त्यांच्या आयुष्याची गुरुकिल्ली वाटते. खुर्ची मिळाली ती मिरविण्यासाठी नव्हे, तर तिच्यावर बसून काहीतरी शिकण्यासाठी, ही जाणीव त्यांना बाविसाव्या-तेविसाव्या वर्षीच झाली.

१९२० साली ते मध्य प्रांत व वऱ्हाडात रुजू झाले आणि जवळजवळ वीस वर्षे तेथे राहिले. उपायुक्त, जमाबंदी अधिकारी, महसूल सचिव, अर्थ सचिव अशी कामे त्यांनी केली. जमाबंदी अधिकाऱ्याचे काम ऐकायला रुक्ष वाटते. पण शेतजमिनीची प्रत ठरविणे, कोणाच्या नावावर किती जमीन ते तपासणे आणि सारा किती बसवायचा हे सांगणे, यावर हजारो कुळांची भाकर अवलंबून असते. वर बसून देशाचे आकडे हाताळण्यापूर्वी त्यांनी गावातले आकडे पाहिले होते. १९३१ मध्ये लंडनच्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवांपैकी ते एक होते.

१९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले. ही बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली होती आणि तिचे पहिले दोन्ही गव्हर्नर इंग्रज होते. चिंतामणराव आधी बँकेचे सचिव, १९४१ च्या अखेरीस डेप्युटी गव्हर्नर आणि ११ ऑगस्ट १९४३ पासून गव्हर्नर झाले. रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर सही करणारे पहिले भारतीय गव्हर्नर ते हेच. नोटेवर चित्र इंग्लंडच्या राजाचे आणि सही रोह्याच्या देशमुखांची, असा तो विचित्र काळ होता.

काळ विचित्र होता तसाच भयंकरही होता. दुसरे महायुद्ध चालू होते. ब्रिटिश सरकार हिंदुस्थानातून धान्य, कापड, लोखंड, जे लागेल ते युद्धासाठी उचलत होते आणि त्याची किंमत येथे रोख न देता लंडनच्या खात्यात हिंदुस्थानच्या नावे जमा दाखवीत होते. यालाच स्टर्लिंग शिल्लक म्हणतात. त्या जमेच्या आधारावर येथे नोटा छापल्या जात. माल बाहेर गेला, नोटा वाढल्या. मग भाव भडकले नाहीत तरच नवल. युद्धाच्या सहा वर्षांत चलनातील नोटा सहापटीच्या आसपास गेल्या. १९४३ सालीच बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मेली. १९४६ पर्यंत ही लंडनमधली जमा सतराशे कोटी रुपयांवर पोहोचली होती. गरीब देश सावकार झाला आणि श्रीमंत देश ऋणको, पण वही ऋणकोच्याच हातात! हे वाचताना मला आठवीतली ती वही आठवली आणि अंगावर शहारा आला.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे ४४ देशांची परिषद भरली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक या दोन संस्थांचा जन्म तिच्यातून झाला. हिंदुस्थान अजून पारतंत्र्यात होता, शिष्टमंडळाचे प्रमुख इंग्रज होते, तरीही त्यातील भारतीय सभासद केवळ हजेरी लावायला गेले नव्हते. चिंतामणराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गोष्टींचा आग्रह धरला. एक, युद्धकाळात साठलेल्या या देण्याची काही सोय नव्या नाणेनिधीत व्हावी. दोन, नाणेनिधीने केवळ श्रीमंत देशांच्या व्यापाराचा विचार न करता मागासलेल्या देशांच्या विकासाकडेही पाहावे. पहिली मागणी मान्य झाली नाही. ब्रिटनने हे आमचे आपसांतले प्रकरण आहे असे म्हटले. पुढे स्वतंत्रपणे करार होऊन ती रक्कम टप्प्याटप्प्याने सुटली. पण जगाच्या बैठकीत आपले येणे मोठ्याने वाचून दाखविले गेले, ही गोष्ट लहान नव्हे.

स्वातंत्र्याबरोबर फाळणी आली. एका बँकेला काही काळ दोन देशांचे चलन सांभाळावे लागले; ३० जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँक पाकिस्तानचेही काम पाहत होती. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याच वर्षी बँकांवर देखरेख ठेवणारा कायदा आला. लोकांच्या ठेवी घेऊन बसलेल्या बँका अचानक बुडत, त्यांना वेसण बसली. बँकेत संशोधन व सांख्यिकी विभागही चिंतामणरावांच्या कारकिर्दीत उभा राहिला. आकड्यांवाचून धोरण म्हणजे अंधारात मारलेला दगड, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

जून १९५० मध्ये पंडित नेहरूंनी त्यांना अर्थमंत्री केले. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत ते कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले. ते नियोजन मंडळाचेही सभासद होते. २,०६९ कोटी रुपयांची पहिली पंचवार्षिक योजना त्यांच्याच काळात मार्गी लागली. १९५३ साली मोठ्या वारसांवर मृत्यूकर बसविण्याचा कायदा त्यांनी आणला. तो पुढे १९८५ मध्ये रद्द झाला.

आमच्या मराठवाड्याशी त्यांचा संबंध येथे येतो. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि येथे हाली शिक्का चाले. इंग्रजी अमलातल्या रुपयाला लोक कलदार म्हणत. माझ्या पणजीच्या गाठोड्यातून निघालेला, चारमिनारचे चित्र असलेला एक हाली रुपया आजीने अजून जपून ठेवला आहे. सात हाली म्हणजे सहा भारतीय रुपये, असा भाव होता. १९५० नंतर भारतीय रुपया येथे शिरला आणि हाली हळूहळू मागे पडून १९५९ मध्ये संपला. हा बदल सुरू झाला तेव्हा दिल्लीत अर्थखाते चिंतामणरावांकडे होते. पणजीला त्यांचे नावही ठाऊक नसणार; पण तिच्या कमरेच्या पिशवीत जे नाणे बदलले, ते ज्या सरकारने बदलले त्याचा हिशेब हा माणूस ठेवीत होता.

याहून मोठी गोष्ट कर्जाची. १९५१ मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्रामीण पतपुरवठ्याची देशभर पाहणी सुरू केली. ७५ जिल्हे, ६०० गावे आणि सव्वा लाखाहून अधिक कुटुंबे पाहिली गेली. पाहणी समितीत आपले धनंजयराव गाडगीळही होते. १९५४ मध्ये अहवाल आला. शेतकऱ्याने घेतलेल्या दर शंभर रुपयांच्या कर्जापैकी सुमारे सत्तर रुपये सावकारांचे होते. सहकारी संस्थांचे सुमारे तीन, सरकारचे सुमारे तीन आणि व्यापारी बँकांचा तर पुरता एक रुपयाही नव्हता. खेड्यातल्या माणसाला हे काय नवे? पण आपल्या अंगावरचे कर्ज कोणीतरी दारात येऊन विचारले, लिहून घेतले आणि ते देशाच्या संसदेपुढे गेले, हे नवे होते. या अहवालाच्या शिफारशीवरून इंपीरियल बँक सरकारने ताब्यात घेतली आणि १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक ऑफ इंडिया सुरू झाली. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याचे बंधन तिच्यावर कायद्याने घातले. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट बँकेचे रूपांतर स्टेट बँक ऑफ हैदराबादमध्ये झाले. २०१७ मध्ये ती स्टेट बँकेत विलीन होईपर्यंत आमच्याकडे तिला नुसते हैदराबाद बँक म्हणत. आजोबांचे तिचे पासबुक घरात अजून आहे. त्यात शिल्लक फारशी कधी नव्हती, पण ती वही त्यांच्या स्वतःच्या नावाची होती.

आता त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कसोटीच्या प्रसंगाकडे येते. १९५६ चा जानेवारी महिना. १६ तारखेला नेहरूंनी आकाशवाणीवरून जाहीर केले की, मुंबई शहर महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात राहील. मुंबईत आग भडकली, गोळीबार झाले, माणसे मेली. तीनच दिवसांनी, १९ जानेवारीस, त्याच आकाशवाणीवरून चिंतामणरावांनी आयुर्विम्याचा व्यवसाय सरकार ताब्यात घेत असल्याचे सांगितले. देशभरातल्या २४५ लहानमोठ्या विमा संस्थांची सूत्रे त्या वटहुकमाने सरकारकडे आली. आपल्या आयुर्विमा महामंडळाचा पाया तो. अर्थमंत्री म्हणून हे त्यांचे सर्वांत धाडसी पाऊल. आणि नेमक्या त्याच आठवड्यात, ज्या सरकारात ते बसले होते ते सरकार त्यांच्या लोकांवर अन्याय करीत आहे असे त्यांना वाटत होते.

त्यांनी काय करावे? दुसरी पंचवार्षिक योजना तोंडावर होती. पंतप्रधानांचा त्यांच्यावर विश्वास होता. अनेकांनी अशा वेळी गप्प बसून खुर्ची राखली असती. चिंतामणरावांनी मुंबईचा प्रश्न आणि तेथील गोळीबाराची चौकशी न होणे, या कारणांसाठी जुलै १९५६ मध्ये अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि लोकसभेत आपली कारणे स्पष्टपणे मांडली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईसह मोठे द्विभाषिक राज्य झाले आणि आमचा मराठवाडा त्यात आला. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. तो एका राजीनाम्याने झाला नाही, त्यासाठी हुतात्म्यांनी रक्त सांडले, हे खरेच. पण ज्या खुर्चीवर बसायला टिळकांनी सांगितले, त्या खुर्चीवरून उठावे केव्हा, हे कोणी सांगावे लागले नाही.

पदावरून उतरल्यावर ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष झाले. त्यांच्याच कारकिर्दीत २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९९४ पासून त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे आणि आपण त्याचेच विद्यार्थी आहोत. १९५९ मध्ये चिंतामणरावांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे १९६२ ते १९६७ ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९६९ मध्ये ते राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले आणि तिसऱ्या क्रमांकावर राहून पराभूत झाले. १९७५ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. कालिदासाच्या मेघदूताचा मराठी अनुवाद आणि स्वतःच्या संस्कृत कविता हे त्यांचे आणखी एक वैभव.

त्यांच्या पहिल्या पत्नी रोझिना या इंग्रज होत्या. त्या १९४९ मध्ये वारल्या. १९५३ साली त्यांनी दुर्गाबाईंशी विवाह केला. आठव्या वर्षी लग्न लावून दिलेली आणि मोठेपणी ते नाकारून शिकलेली ही आंध्रची मुलगी पुढे घटना समितीची सभासद झाली. शाळा सुटलेल्या बायकांना थोड्या काळात पुन्हा परीक्षेला बसता यावे म्हणून तिने अभ्यासवर्ग काढले. आमच्या गावात दहावीनंतर ज्या मैत्रिणींच्या हातात पुस्तकाऐवजी कोयता आला, त्यांची आठवण मला दुर्गाबाईंविषयी वाचताना आल्यावाचून राहिली नाही. दुर्गाबाई १९८१ मध्ये गेल्या. चिंतामणरावांनी २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादेत देह ठेवला.

आता एक शंका. चिंतामणरावांनी एवढे केले, तरी आमची उचल अजून मुकादमाच्या वहीतच का आहे? स्टेट बँक आली, सहकार आला, साखर कारखाने उभे राहिले, पण ऊस तोडणाऱ्याच्या कर्जापर्यंत ती पाहणी पुरती पोहोचली नाही. एका माणसाकडून सारे व्हावे अशी अपेक्षा करणे चूक आहे. मोजायचे कसे ते त्यांनी दाखविले. उरलेले आता आपण मोजायचे आहे.

घरच्यांना वाटते, मी परीक्षा देऊन साहेब व्हावे. मलाही वाटते. पण आता साहेब होणे म्हणजे काय, याची थोडी तरी कल्पना मला आली आहे. तोवर एक लहान काम केले आहे. गेल्या उन्हाळ्यात मी आईला आकडे लिहायला शिकविले. यंदा ट्रॅक्टरमध्ये भांडी, पीठ आणि अंथरुणाबरोबर तिने शंभर पानी एक वही नेली आहे. रोज संध्याकाळी ती त्या दिवशीच्या उसाचा आकडा लिहिते आणि फोनवर मला वाचून दाखविते. पट्टा पडेल तेव्हा हिशेबाला दोन वह्या असतील.

— बी. ए. द्वितीय वर्ष